बाळाची पहिली शी काय सांगते? गरोदरपणातली नशा आणि तपासणी

सिंदी मेघेकरांना बाळंतपणासाठी सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा, दोन्ही जवळ. नाव नोंदवताना डॉक्टर विचारतात, "तंबाखू, खर्रा, काही खाता का?" सासूबाई शेजारी असल्या की उत्तर ठरलेलं: "नाही जी."

आपल्याकडे दारू हराम हे लहान मुलालाही माहीत असतं. पण खर्रा, खोकल्याचं कोडीनवालं औषध, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या यांना घरात कुणी नशा म्हणत नाही. वार नाळेतून पोचणाऱ्या गोष्टी निवडून घेत नाही. निकोटिनही बाळापर्यंत जातं. त्यामुळे बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकतं.

पोटातल्या बाळापर्यंत काय पोचलं, हे जन्मानंतर तपासता येतं. बाळाच्या लघवीतून बहुतेक शेवटच्या काही दिवसांचंच कळतं. पहिली काळी-हिरवट चिकट शी मात्र पोटात महिनोन्‌महिने साठत जाते, म्हणून ती शेवटच्या चार-पाच महिन्यांचा हिशोब सांगते. नाळेचा तुकडाही तपासतात. भारतात ही तपासणी प्रत्येक बाळाची होत नाही. आणि पहिली चाचणी चुकूही शकते, पक्क्या निदानाला दुसरी लागते.

म्हणून आईचं खरं सांगणं चाचणीपेक्षा लवकर कामी येतं. अफूच्या जातीची औषधं (कोडीन, ट्रामाडॉल) रोज घेणाऱ्या आईचं बाळ साधारण एक ते तीन दिवसांत थरथरतं, सतत किंचाळून रडतं, नीट दूध ओढत नाही. घरचे म्हणतात, नजर लागली! डॉक्टरांना आधीच माहीत असेल तर ते बाळाला लक्ष ठेवून ठेवतात, शांत अंधाऱ्या खोलीत आईच्या छातीशी देतात, गरज पडली तरच औषध. मात्र अशी औषधं गरोदरपणात एकदम स्वतःहून बंद करू नका, त्यानं बाळाला धोका होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू बदलतात. खर्रा मात्र आजच सोडा.

"पोलिसात गेलं तर?" ही भीती खोटी नाही. अमेरिकेत चार्ल्सटनच्या एका रुग्णालयानं गरोदर बायांची लघवी न विचारता तपासून पोलिसांना कळवलं होतं; 2001 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं. आपल्या एनडीपीएस कायद्यातलं कलम 64अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं.

सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर आशाताईंना किंवा नर्सला म्हणा, "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय." तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोन 1800112356, इतर नशेसाठी 14446.