एका वेताची, एका हाकेची

इंग्लंडच्या लेस्टरशायर, लिंकनशायर, डॉर्सेट इत्यादी परगण्यांत खोकडाच्या शिकारीसाठी फॉक्सहाउंड जातीच्या कुत्र्यांचे जे ताफे अठराव्या शतकापासून नांदत आले, त्यांची मोजदाद एकेका कुत्र्याने होत नाही, जोड्यांनी होते. एकोणचाळीस कुत्री बाहेर पडली तर त्या दिवशी साडेएकोणीस जोड्या निघाल्या, अशी नोंद पडते. हिशेबाची ही तऱ्हा परक्याला विक्षिप्त वाटेल, परंतु जेथे कुत्रा एकटा असा कधी कल्पिलाच गेला नाही, तेथे ती सर्वस्वी स्वाभाविक आहे.

एकाच वेताची भावंडे रक्तानेच एकमेकांशी बांधलेली असतात, तेव्हा मोठेपणी ती आपोआप एकदिलाने माग काढतील, असा सामान्य समज आहे. या विद्येतील जाणत्यांनी मात्र त्याच्या अगदी उलट रीत पत्करली. पिल्ले आईचे दूध सोडून साधारण दोन महिन्यांची झाली की ते वेत मोडावयाचे आणि एकेक किंवा दोन-दोन पिल्ले आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी धाडावयाची, हा तेथील जुना दस्तूर. तेथे ती कोंबड्यांत, मेंढरांत, मुलाबाळांत व गाड्यांच्या वर्दळीत वाढतात, मोकळ्या धावपळीने त्यांचे पाय व छाती भरते, आणि कशाला भ्यावे व कशाला तोंड लावू नये याचे पहिले धडे घरधनिणीच्या ओरडण्यातून मिळतात. सगळी भावंडे एकत्रच ठेवली तर ती परस्परांत इतकी गुंतून जातात की माणसाच्या शब्दाची त्यांना गरजच वाटेनाशी होते; म्हणून पुढे ज्यांना एकत्र आणावयाचे, त्यांना आरंभी वेगळे करणे भाग पडते.

पुढल्या वसंतात ही वाढलेली पिल्ले श्वानशाळेत परत येत, आणि तेथेच त्यांच्यावर मोठे संकट कोसळे. निरनिराळ्या घरांतून आलेली कोवळी जनावरे एका छपराखाली जमली की डिस्टेंपर या रोगाची साथ उसळे व वेतेच्या वेते नाहीशी होत. या हानीने व्यथित झालेल्या शिकारप्रेमी मंडळींच्या वतीने ‘द फील्ड’ या नियतकालिकाने 1923 मध्ये एक निधी उभारला. त्यातून पॅट्रिक लेडलॉ व जॉर्ज डंकिन यांनी लंडनजवळ मिल हिल येथे फेरेट नावाच्या लहान प्राण्यावर प्रयोग करून रोगाचे कारण एक विषाणू असल्याचे निश्चित केले व प्रतिबंधक लस सिद्ध केली. त्याच फेरेटांवर 1933 मध्ये लेडलॉ, विल्सन स्मिथ व ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांनी मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा केला. श्वानशाळेतील पिल्लांच्या कळवळ्यापोटी जमलेला पैसा मनुष्यजातीच्या अशा कामी यावा, ही गोष्ट मला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

परत आलेल्या पिल्लाची खरी तालीम त्याच्या नावापासून सुरू होते. एका वेताच्या सर्व पिल्लांची नावे एकाच अक्षराने आरंभ होतात, त्यामुळे ताफ्यात मिसळल्यावरही कोण कोणाचे भावंड हे नावावरूनच ध्यानात येते. आणि नाव हाक मारण्याजोगे सुटसुटीत हवे, हा दंडक तर इतका पुरातन की ग्रीक लेखक झेनोफनने आपल्या शिकारविषयक ग्रंथात अशा आखूड नावांची यादीच दिली आहे. डॉर्सेटमधील स्टेपल्टनचा जमीनदार पीटर बेकफर्ड याचे 1781 साली प्रसिद्ध झालेले शिकारीवरील पत्ररूप पुस्तक या विद्येचा प्रमाणग्रंथ मानले जाते. त्याच्या घराण्याचे वैभव जमैकातील गुलामांच्या घामावर उभे होते, हे विसरता येत नाही. परंतु कुत्र्याचे मन त्याने बारकाईने वाचले होते, यातही संशय नाही. भुकेली कुत्री दाराशी थोपवून धरावयाची, एकेकाचे नाव उच्चारावयाचे, आणि ज्याचे नाव निघाले त्यानेच अन्नाकडे यावयाचे, ही रीत त्या परंपरेचा पाया होय.

उन्हाळ्यात प्रत्येक नवशिक्याचा पट्टा एखाद्या अनुभवी, पोक्त कुत्र्याच्या पट्ट्याशी साखळीने जोडतात, सख्ख्या भावाशी नव्हे; मेंढरांच्या कळपामधून त्याला निमूट नेणे हे त्या वडीलधाऱ्या सोबत्याचे काम. पुढे शरद ऋतूत रानात शिरल्यावर विश्वासाची कसोटी लागते. ज्याचा आवाज खरा ठरला आहे असा एखादा जुना कुत्रा मागावर भुंकला की बाकीचे धावून त्याला मिळतात. परंतु माग नसताच भुंकणारा वाचाळ किंवा इतरांना सोडून आडवाटेने पुढे घुसणारा स्वार्थी कुत्रा, तो कितीही देखणा व वेगवान असो, ताफ्यातून काढला जातो. असे दोष पुष्कळदा भावंडांत सारखेच उतरतात, म्हणून एकाची खोड आढळताच त्याच्या वेतावर नजर ठेवण्यात येते. हा सारा विवेक शक्य झाला तो पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वंशावळींच्या दप्तरामुळे.

शरदातील हा पहिला पाठ खोकडाच्या अर्धवट वाढलेल्या पिल्लांवर गिरवला जाई, आणि त्याचे समर्थन मला करवत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांच्या ताफ्याने खोकडाची शिकार करणे 2004 च्या कायद्याने निषिद्ध ठरले, व 18 फेब्रुवारी 2005 पासून त्याचा अंमल सुरू झाला. तो निर्णय न्याय्य होता.

फाळणीपूर्व हिंदुस्थानात इंग्रजांनी हे ताफे पेशावर व उटकमंड येथे आणून कोल्ह्यांमागे सोडले. पण दख्खनचे स्वतःचे श्वानधन त्याहून निराळे. कारवान, मुधोळ, पश्मी या नावांनी ओळखली जाणारी आपली सडपातळ कुत्री वासापेक्षा दृष्टीने शिकार करतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्यांना राजाश्रय दिला, आणि 2005 साली भारतीय टपाल खात्याने मुधोळच्या कुत्र्याचे तिकीटही काढले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या कुत्र्यांना रानात सशामागे सोडणे गुन्हा आहे आणि तसेच असावे. परंतु शिकार थांबली म्हणून वंशाची नोंदही न ठेवणे योग्य नव्हे. लातूर, सोलापूर व विजापूरकडील ज्या घरांत ही कुत्री आजही आहेत, त्यांनी पुढच्या वेतापासून जन्मतारीख, आईबापांची नावे, अंगावरचा रंग, झालेले आजार आणि कोणते पिल्लू कोणाच्या घरी दिले हे एका वहीत टिपून ठेवावे, व जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने त्या वह्यांच्या नकला आपल्या दप्तरी जमा करून घ्याव्यात, ही माझी विनंती आहे.