रक्तातल्या आकड्यावरून रोगी वाचेल का ते कळते?

न्यूमोनियाचा रोगी अत्यवस्थ झाला की नातेवाईक डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, "वाचेल ना?" याचे उत्तर रक्तात शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्तजल तपासत होते. न्यूमोकोकस जंतूपासून वेगळ्या काढलेल्या एका घटकाला 'सी' असे नाव होते. रोग्याचे रक्तजल त्यात मिसळले की साका बसे. हे प्रतिपिंडांचे काम असेल, असे कोणालाही वाटेल. पण प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात आणि बरे झाल्यावरही ती टिकतात. हा साका उलट वागत होता. आजार ऐन भरात असताना तो मिळे, रोगी बरा झाला की मिळेनासा होई. तो पाडणारे प्रथिन म्हणजेच आजच्या तपासणी-अहवालातले 'सीआरपी'. (हे काम ज्या एव्हरींच्या प्रयोगशाळेत झाले, तेथेच १९४४ साली याच जंतूवरून डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक असल्याचे दिसले. एका जंतूने विज्ञानाला किती द्यावे!)

सीआरपी यकृतात तयार होते. जंतूंशी गाठ पडताच पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा जणू निरोप्याच रक्तात सोडतात. तो यकृतात पोचला की उत्पादन वाढते. निरोगी माणसात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅमच्या आत असणारे हे प्रथिन दोन दिवसांत ३०० वर जाऊ शकते. पण त्यावरून भडका किती मोठा ते कळते, शेवट काय होणार ते नव्हे. धडधाकट तरुण ३०० चा आकडा घेऊनही बरा होतो. उलट ज्याचे यकृतच थकले आहे, त्याचा आकडा फसवा, म्हणजे कमी येऊ शकतो.

अधिक बोलका असतो तो आकडा उतरण्याचा वेग. रक्तातले सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मे होते. वर्गात हे गणित करून पाहावे: उत्पादन पूर्ण थांबले, तर ३०० चे १९ तासांत १५० आणि ३८ तासांत ७५. प्रत्यक्षात ते एकदम थांबत नाही. तरीही प्रतिजैविके सुरू करून चौथ्या दिवशीही आकडा निम्म्यावर आला नाही, तर डॉक्टर सावध होतात. औषध लागू पडत नसेल, किंवा फुप्फुसाभोवती पू साचला असेल. १९९३ पासून जिवाणूसंसर्गाचा दर्शक म्हणून पुढे आलेल्या प्रोकॅल्सिटोनिनचेही असेच. एका मापनापेक्षा त्याचा उतार महत्त्वाचा.

सेप्सिसमध्ये संसर्गाला शरीर बेताल प्रतिसाद देते आणि अवयव निकामी होऊ लागतात. तेथे आग किती यापेक्षा हानी किती, हे सांगणारे आकडे कामी येतात. त्यांत मुख्य लॅक्टेट. पेशींना प्राणवायू अपुरा पडला, किंवा तणावाच्या संप्रेरकांनी ग्लुकोजचे विघटन वेगाने होऊ लागले, की ते साचते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, पुरेसे द्रव देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागते आणि लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलच्या वर राहते, त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. अशा रोग्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्णालयातच दगावतात. मात्र हा हिशोब समूहाचा आहे. समोरच्या खाटेवरचा रोगी त्या चाळिसांतला की उरलेल्या साठांतला, हे लॅक्टेट सांगत नाही.

म्हणूनच न्यूमोनियाची तीव्रता ठरवण्याच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या गुणपद्धतीत पाच बाबींपैकी रक्ताची तपासणी एकच आहे, युरियाची. बाकीच्या चार म्हणजे भ्रम, रक्तदाब, ६५ किंवा त्याहून अधिक वय आणि मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास. शेवटची बाब मोजायला सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते.