बातमी आणि भावना : स्पॅनिश क्रियापदाचे एक रूप



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने स्पॅनिश व्याकरणावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे जे काही आले ते रात्रीच्या वाचनातून आणि गोदीतल्या माणसांकडून. स्पॅनिशही तशीच आली. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने नव्हे, तर हातून झालेल्या एका चुकीमुळे जे शिकावे लागले, ते सांगण्यासाठी मी उभा आहे.

2009 साली मुंबई बंदरात एक मालवाहू जहाज अडकून पडले होते. मालकाने खलाशांचे पगार थकवले होते आणि त्यांना घरी पाठवण्याची व्यवस्थाही केली नव्हती. खलाशी बहुतेक पेरू आणि एक्वादोर या देशांचे. आमच्या युनियनतर्फे त्यांचे अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. फोर्टातल्या पदपथावर घेतलेले एक जुने स्पॅनिश व्याकरण मी दोन वर्षे वाचीत होतो, तेवढ्या शिदोरीवर मी जहाजावर जाऊ लागलो.

एके दिवशी गेलो तो जहाजावर सामसूम. स्वयंपाक करणाऱ्याची, म्हणजे आमच्या गोदीतल्या भाषेत भंडाऱ्याची, आई तिकडे वारली होती आणि त्याला जाता येत नव्हते. मी त्याच्याजवळ बसलो आणि मनात वाक्य जुळवून म्हणालो, ''सिएन्तो के तू माद्रे मुरिओ.'' मला म्हणायचे होते, ''तुझी आई गेली याचे मला दुःख होते.'' त्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, ''सी. मुरिओ.'' म्हणजे, ''हो, वारली.'' सांत्वनाला गेलेल्या माणसाला त्याने माहिती पुरवली!

परतताना सारंगाने मला बाजूला घेतले. तो म्हणाला, ''तुम्ही म्हणालात त्याचा अर्थ, 'तुझी आई वारली असे मला वाटते' असा होतो. 'सिएन्तो के तू माद्रे आया मुएर्तो' असे म्हणावे.'' फरक एका क्रियापदाच्या रूपाचा. पण 'सिएन्तो' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, 'मला जाणवते' आणि 'मला दुःख होते'. त्यातला कोणता घ्यायचा, हे पुढचे क्रियापद कोणत्या रूपात आहे त्यावर ठरते. आज आपल्याला जे पाहावयाचे आहे ते हेच रूप.

स्पॅनिश व्याकरणात त्याला 'सुब्हुन्तिवो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'खाली जोडलेले', कारण ते बहुधा दुसऱ्या वाक्याला जोडून येते. नुसते घडलेले वा घडणारे सांगणारे जे साधे रूप, त्याला मी आजच्या बोलण्यापुरते 'बातमीचे रूप' म्हणतो, आणि या दुसऱ्याला 'भावनेचे रूप'. संशय, आज्ञा, अट यांसाठीही हे दुसरे रूप येते. पण आपला आजचा विषय भावनेचा आहे.

रूप बनवण्याची रीत सोपी आहे. ज्या क्रियापदांत एरवी 'आ' स्वर असतो तेथे 'ए' येतो, आणि जेथे 'ए' असतो तेथे 'आ' येतो. 'पागान' म्हणजे 'ते पैसे देतात', त्याचे 'पागेन' होते. 'येगान' म्हणजे 'ते पोहोचतात', त्याचे 'येगेन'. उलट 'कोमे' म्हणजे 'तो खातो', त्याचे 'कोमा'. 'विवे' म्हणजे 'तो जगतो', त्याचे 'विवा'. काही रूपे मात्र पाठच करावी लागतात. 'असणे' या अर्थाच्या दोन क्रियापदांची 'सेआ' आणि 'एस्ते', आणि 'जाणे'चे 'वाया' ही त्यांपैकी रोजच्या उपयोगाची.

आता वापर पाहू. त्या जहाजावर सात महिने एकच गोष्ट चालली होती, पगाराची. म्हणून उदाहरणही तेच घेतो. 'साबेमोस के नो नोस पागान', म्हणजे 'ते आम्हाला पैसे देत नाहीत हे आम्हाला माहीत आहे'. ही बातमी झाली, म्हणून 'पागान'. आता मनातले सांगायचे झाले तर पाहा. 'एस्पेरो के नोस पागेन', पैसे मिळतील अशी आशा आहे. 'मे दा मिएदो के नो नोस पागेन', पैसे मिळणार नाहीत अशी भीती वाटते. 'मे दा राबिआ के नो नोस पागेन', पैसे देत नाहीत याचा संताप येतो. आणि शेवटी पैसे मिळू लागले तर, 'मे आलेग्रो दे के नोस पागेन', पैसे मिळतात याचा आनंद वाटतो. आशा, भीती, संताप, आनंद. चारही ठिकाणी 'पागेन'.

आशा आणि भीती यांत गोष्ट अजून घडलेली नसते, म्हणून वेगळे रूप आले हे पटकन समजते. अडचण संतापाशी आणि आनंदाशी येते. पैसे मिळत नाहीत ही तर खरी, घडत असलेली गोष्ट. भंडाऱ्याची आई गेली हेही सत्यच. मग सत्य गोष्टीला बातमीचे रूप का नको? नवशिक्या माणसाला पुस्तके सांगतात की, हे रूप अनिश्चिततेचे आहे. आणि तो येथेच गोंधळतो. मला जे उमगले ते असे. या वाक्यात बोलणाऱ्याला ती गोष्ट कळवायची नसतेच. ती दोघांनाही ठाऊक असते. कळवायचे असते ते आपले मन. म्हणून ती गोष्ट सांगण्याच्या पुढच्या जागेवरून मागे घेतात, आणि मागे घेतल्याची खूण म्हणून क्रियापद बदलतात.

हे परके वाटते काय? मी आरंभी काय म्हणालो ते आठवा. 'कामगार चळवळीतल्या माणसाने व्याकरणावर बोलावे, याचे नवल.' मी बोलतच होतो, आपण ऐकतच होता. तरी मी 'बोलावे' म्हणालो. 'तू असे वागावेस याचे वाईट वाटते', असे आई मुलाला म्हणते, तेव्हा तो तसा वागून चुकलेला असतो. 'नेमका लग्नाच्या दिवशी पाऊस पडावा!' असे म्हणणारा माणूस भिजलेला असतो. मोरो केशव दामले यांनी 1911 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी व्याकरणात ज्या विध्यर्थाचा विचार केला आहे, तोच हा. म्हणजे सोय आपल्याकडेही आहे. भेद इतकाच की मराठीत 'तू आलास याचा आनंद झाला' असेही चालते. स्पॅनिशमध्ये अशा ठिकाणी भावनेचे रूप हा नियमच होऊन बसला आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली, भावना ज्याची आणि कृतीही त्याचीच, असे असेल तर हे रूप येत नाही. 'मी येथे आहे याचा मला आनंद आहे' याला 'मे आलेग्रो दे एस्तार आकी' असे नुसते धातुरूप पुरते. 'तू येथे आहेस याचा मला आनंद आहे', असे दुसरा माणूस आला की 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी'. दुसरी, स्पॅनिश सुमारे 20 देशांची राजभाषा आहे आणि सर्वत्र बोलणे सारखे नाही. मेक्सिकोत 'के बुएनो के विनिस्ते', 'बरे झाले आलास', असे बातमीच्या रूपात सर्रास म्हणतात. आन्द्रेस बेल्यो या कराकसमध्ये जन्मलेल्या विद्वानाने 1847 साली चिलीत आपले व्याकरण छापले, ते मुद्दाम अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी. तेव्हा पुस्तक एक म्हणते आणि माणूस दुसरे, तर माणसाचेही ऐकावे.

शुभेच्छांत तर मुख्य वाक्य गळून नुसते हे रूपच उरते. आजाऱ्याला 'के ते मेहोरेस', बरा हो. निजताना 'के देस्कान्सेस', विश्रांती लाभो. मृतासाठी 'के एन पास देस्कान्से', शांती लाभो. आणि 'ओहाला' हा शब्द तर अरबीतून आला. आयबेरियात शतकानुशतके अरबी बोलली गेली. 'देवाची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या त्या बोलीतून तो उरला. आज देव न मानणाराही 'ओहाला नोस पागेन', पैसे मिळोत, असे म्हणतो.

आमच्या चळवळीतल्या माणसाला याहून जवळचे उदाहरण आहे. 1965 साली कॅलिफोर्नियात डिलेनो येथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला, त्यात 'विवा ला उएल्गा!' ही घोषणा दुमदुमली. संप चिरायू होवो! हे 'विवा' म्हणजे वर सांगितलेले 'विवे'चे भावनेचे रूप. गोव्यातल्या कार्निव्हलमध्ये ऐकू येणारे 'विवा' हे पोर्तुगीजमधले त्याचेच भावंड. आणि आमचे 'झिंदाबाद'? त्यातले फारसी 'बाद' म्हणजे 'असो, होवो'. तीस वर्षे मी मोर्चांत हे ओरडत आलो. पण त्यात एक इच्छारूप दडले आहे, हे मला खलाशांच्या भाषेने दाखवले.

सात महिन्यांनी पगार मिळाले आणि माणसे घरी गेली. अर्जात मी 'नो नोस पागान' असेच लिहिले होते, आणि ते बरोबर होते. अधिकाऱ्यापुढे बातमीच हवी. परंतु संघटना करणाऱ्याला सवय लागते ती प्रत्येक घरात अर्जाच्याच भाषेत बोलण्याची. किती थकले, कधीपासून, पुरावा काय. दुःखात बसलेल्या माणसाला त्याचीच बातमी परत ऐकवून उपयोग नसतो. निरोप घेण्यापूर्वी मी भंडाऱ्याला ते वाक्य पुन्हा, नीट म्हणून दाखवले. त्याने माझा हात धरला आणि या खेपेस म्हणाला, ''ग्रासिआस.''