अंगणवाडीपासून तिसरीपर्यंत : आपल्या मुलांच्या हक्काचा निधी

मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सरकारचाच अहवाल सरकारपुढे ठेवला. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचत होती. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा होत होती. अबकारी करातून लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. महसूल कष्टकऱ्यांचा आणि लाभ वरच्या वर्गाला, हे महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगासमोर मांडलेच होते.

आज शिक्षणाच्या निधीचा विषय निघाला की आपल्या तोंडी काय येते? शिष्यवृत्ती, फ्रीशिप, स्वाधार, परदेशी शिष्यवृत्ती. या लढाया लढल्याच पाहिजेत. पण त्यातल्या बहुतेक दहावीनंतरच्या आहेत. तिसरीत वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर गेलेले पोर दहावीपर्यंत पोचणार कसे? त्याच्यासाठी आपण मोर्चा काढत नाही, हे आधी मान्य करू.

संविधानाचे मूळ कलम 45 पाहा. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे त्यात होते. वयाची खालची मर्यादा नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटाला मूलभूत हक्क मिळाला, हे चांगलेच झाले. पण सहा वर्षांखालची मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 तीन ते सहा वयोगटाबद्दल आहे. तिथे शासन व्यवस्था ‘करू शकेल’ अशी भाषा आहे, ‘करील’ अशी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला खरा, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. कायद्याची सक्ती नसली की पैशाला कात्री लागते.

ही कात्री अंगणवाडीत दिसते. 2017 मध्ये पूरक आहारासाठी मुलामागे दिवसाला 8 रुपये ठरले. 2018 मध्ये सेविकेचे मानधन 4,500 रुपये झाले, तेही केंद्राच्या निकषाने. राज्य आपली भर वेगळी घालते. पगार नव्हे, मानधन! याच बाईने आहार वाटायचा, वजने घ्यायची, नोंदी भरायच्या आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवायचे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. त्यांचा संप हा आपल्या मुलांच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे, म्हणून आपण त्यांच्या बाजूने उभे राहायला हवे.

अंगणवाडी हा शब्दच मुळात वस्तीच्या अंगणातून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या दारात बालवाडी नेली. आजही गावातली अंगणवाडी वस्तीपासून लांब असेल, तर आपली मुले नावापुरतीच पटावर राहतात. इथे एक आदेश प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक हवा. अन्न हक्काच्या खटल्यात 13 डिसेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य, हेही त्याच आदेशात आहे. घरोघरी फिरून मुलांची यादी करणे हे विहारातल्या युवक मंडळाचे एका रविवारचे काम आहे.

आता शाळेत मागे पडणाऱ्या मुलांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नाही. मात्र दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग असतील तर हे व्हायचे कसे? त्यासाठी माणूस आणि पैसा लागतो, आणि तो मागायची जागा कलम 21 व 22 मध्ये आहे. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि कायद्यानुसार शासनाचे अनुदान त्या आराखड्यावर आधारलेले असायला हवे. अनेक ठिकाणी मात्र आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि पालक सही करतात. आपल्या आयाबहिणी समितीत असतात, पण बैठकीचा दिवस मजुरीचा असतो. म्हणून बैठक संध्याकाळी लावून घेणे ही पहिली मागणी ठेवा.

आराखड्यात मोघम लिहू नका. दुसरी-तिसरीतली किती मुले वाक्य वाचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी रोज किती तास आणि किती शिक्षक हवेत, हे आकड्यांत मांडा. अंगणवाडीचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि तारखेची पोच घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.