सुटी शाळेला, भुकेला नाही

लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. त्यांनी वेळेवर जेवावे, हीच अपेक्षा. पंचवटीच्या पेठ रोडने पेठ, सुरगाण्याची अनेक कुटुंबे द्राक्षबागांत आणि बांधकामांवर मजुरीसाठी येतात. सोबत मुलेही असतात. गावच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचा पोषण आहार मिळतो. प्राथमिकच्या मुलासाठी त्याचा निकष ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने. उन्हाळी सुटीत शाळेला कुलूप लागते आणि खिचडीही थांबते.

दुष्काळी भागात सुटीतही आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४मध्ये दिला. मे २०१६मध्ये पुन्हा दिला. पण दुष्काळ जाहीर नसला तरी मे महिन्यात भूक लागतेच. कोरोनाकाळात शाळा बंद असताना तांदूळ, डाळी घरी देण्यात आल्या. म्हणजे हा आहार वर्गातच वाढला पाहिजे, असे नाही. आई-वडिलांचे रेशन कार्ड आता गावाबाहेरही चालते. मुलाचा वाटा मात्र गावच्या शाळेशीच बांधलेला. सुटीत तो कोरडा शिधा म्हणून घरी किंवा मजुरीच्या ठिकाणाजवळच्या शाळेत मिळाला, तर दुपारचा घास चुकणार नाही. इफ्तारला आलेल्याला कोणी गाव विचारून वाढत नाही. या मुलांनाही विचारू नये.