नऊ एकांचा डोंगर

कागद-पेन्सिल घ्या. ओळीने नऊ एक लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. गणकयंत्र नको, आठ-दहा आकडी यंत्रावर हे उत्तर मावतच नाही. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१.

आकडे एकेक पायरी नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. यात जादू काही नाही. गुणाकार मांडताना नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. आता उभ्या रकान्यांतले एक मोजा. उजवीकडच्या पहिल्यात १, दुसऱ्यात २, असे करत मधल्यात ९. पुढे पुन्हा एकेक कमी. कुठेही हातचा येत नाही, म्हणून बेरीज जशीच्या तशी उत्तरात उतरते.

ही संख्या आहे तरी केवढी? आपल्या गोंदियाकडे धानाला तोटा नाही, तेव्हा धानानेच मोजू. हजार दाण्यांचे वजन सुमारे २० ग्रॅम धरले, तर इतके दाणे जवळजवळ २५ कोटी टन भरतील. मालगाडीच्या एका वाघिणीत ६० टन घातले, तरी ४१ लाखांवर वाघिणी लागतील!

अशा संख्यांचा नाद होता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. मुंबईपासून तीसएक मैलांवरच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना यांची कल्पना सुचली. म्हणून नाव ठेवले 'डेमलो संख्या'. त्यांची खूण पाहा. आपल्या संख्येतला मधला ९ बोटाने झाका. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९! जो आकडा झाकला, तोच आठ वेळा. १२३२१ मध्येही तसेच: १२ आणि २१ मिळून ३३.

कोणी याला नुसता खेळ म्हणेल. असेना! १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांच्या याच खेळांवर लिहिले.

संगणकालाही ही संख्या जपून हाताळावी लागते. संख्या साठवण्याच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ५३ द्विमान स्थाने असतात. तीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढची विषम संख्या नेमकी मांडता येत नाही. आपल्या संख्येतला शेवटचा १ गळतो आणि तिथे ० येतो. तुमच्या पेन्सिलीने मात्र तो बरोबर पकडला.

आता दहा एक घ्या. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचा माथा खचला! मधल्या रकान्यात दहा एक झाले. ० लिहिले, हातचा १. तो शेजारच्या ९ ला मिळून पुन्हा १०, आणि त्याच्या हातच्याने ८ चा ९ झाला. अकरा एक घेतले तर हातचा कुठवर जाईल, ते तुम्हीच करून पाहा.