श्वास मोजा, पण न सांगता

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण उंचावरच्या चौक्यांवर आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते : सोबतचा जवान बसल्या जागी धापा टाकू लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच्या फुफ्फुसांत पाणी साठत असू शकतं. त्याला लगेच खाली हलवायचं.

घरच्या आजारपणात हेच लागू पडतं. आपण ताप बघतो, नाडी बघतो, रक्तदाब मोजतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो. श्वासाची गती मात्र राहून जाते, कारण तिच्यासाठी घरात यंत्र नसतं. खरं तर तब्येत ढासळू लागली की पुष्कळदा आधी तीच बदलते. शरीर जास्त श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरतं. म्हणून ऑक्सिमीटरवर काही काळ ९६ दिसत राहतं आणि आपण निर्धास्त असतो.

मोजायचं कसं? रुग्ण शांत पडलेला हवा. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवा. सांगून मोजलं तर माणूस नकळत श्वास बदलतो. छाती वर गेली, खाली आली, की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते.

प्रौढ माणूस विसावलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. २० च्या वरच राहिले, तर डॉक्टरांना फोन करा. २५ किंवा जास्त, अथवा ८ किंवा कमी असतील, तर थेट रुग्णालय गाठा. बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर दिसताहेत, माणूस गुंगीत जातोय, तर मोजत बसू नका. बहुतेक राज्यांत १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहा. १६, मग १९, मग २३ हा चढ एकट्या २३ पेक्षा जास्त सांगतो. फोनवर ‘बाबांना बरं वाटत नाही’ एवढंच म्हणण्यापेक्षा ‘सकाळी आठला १६ होते, दुपारी दोनला २३’ म्हणा. डॉक्टरांना निर्णय घ्यायला सोपं जातं.

आजचा गृहपाठ : घरातली वडीलधारी माणसं ठणठणीत आहेत तोवरच त्यांचे श्वास मोजून वहीत लिहून ठेवा. नेहमीचा आकडा ठाऊक असेल, तरच बदललेला ओळखू येईल.